बारा नंबरचा माग

"बघा," देवस्थळीबाई म्हणाल्या आणि पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी त्यांनी भिंतीतल्या फळीवर ठेवली.

त्यांनी हात काढून घेतला तरी पाणी काही स्वस्थ बसेना. बारीक बारीक वर्तुळं उठतच राहिली. भिंतीपलीकडे अरुंद बोळ होता आणि बोळापलीकडे महादेव मुसळेचा बारा मागांचा कारखाना. त्या काळी इचलकरंजीत मागाचा आवाज येत नाही असं घर शोधायला दिवा घेऊन फिरावं लागलं असतं, त्यामुळे आवाजाबद्दल कुणी तक्रार करत नसे. पण फळीखाली कॉटवर बाईंचे यजमान उताणे पडले होते. मणक्याचं ऑपरेशन होऊन त्यांना तीन आठवडे झाले होते.

"आवाजाचं मी काही म्हणत नाही. या गावातच जन्म गेला माझा," बाई म्हणाल्या. "पण हा हादरा कॉटच्या पायांतून वर येतो. ह्यांना झोपेतसुद्धा कळ येते. मला भांडायची हौस नाही, पण वकिलाची नोटीस पाठवलीय ती मी मागे घेणार नाही. महिनाअखेरपर्यंत एकतर हे पाणी थांबेल, नाहीतर तुमचे माग."

शेवटचं वाक्य महादेवला उद्देशून होतं. तो दारात चपला हातात घेऊन उभा होता. चाळिशीचा, धिप्पाड माणूस, पण वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा दिसत होता.

"करतो की," मीच म्हणाले. आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'करते' म्हणत नाही, 'करतो' म्हणतो, आणि म्हणताना विचार करत नाही. "पाणी थांबलं नाही तर नाव बदलून देईन."

माझं नाव कुंदा सुतार. साल अठ्ठ्याऐंशी. मी चोवीस वर्षांची होते, इंजिनीअरिंगच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून शिकून बाहेर पडले होते आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बाबांच्या स्प्रिंगच्या कारखान्यात बसत होते. बाबा ट्रकच्या, पंपांच्या, दळणाच्या गिरण्यांच्या स्प्रिंगा करायचे. महादेव आमच्याकडे आला तेव्हा बाबांनी कानावरची पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे तुझं." त्या दोन शब्दांनी मी हवेत होते.

हवेत असलेल्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. एका मागाचं वजन काढलं, गणित मांडलं आणि अठ्ठेचाळीस स्प्रिंगा करून घेतल्या, प्रत्येक मागाच्या चार पायांखाली चार. सगळ्या एका मापाच्या. टेम्पोतून उतरवत होतो तेव्हा एक म्हातारा येऊन समोर उभा राहिला. पांढरी पैरण, डोक्यावर टोपी, पाय अनवाणी. त्याने एक स्प्रिंग उचलली, मग दुसरी, दोन्ही हातांनी दाबून बघितल्या.

"समद्या सारख्याच?"

"हो. मापात आहेत सगळ्या."

"बारा पोरांना एकच सदरा शिवलीस की गं पोरी."

हे महादेवचे वडील, रामलिंग आप्पा. हातमागापासून सुरुवात करून त्यांनी हा कारखाना उभा केला होता. मला राग आला. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय यातलं.

म्हाताऱ्याला कळत होतं. स्प्रिंगा बसवल्या, माग चालू केले आणि बारापैकी पाच माग अक्षरशः नाचायला लागले. तिसऱ्यातून सूत नेणारा धोटा उडून भिंतीवर आपटला. एवढ्यात बोळातून देवस्थळीबाई हातात वाटी घेऊन आल्या. वाटी अर्धी झाली होती, बाकीचं पाणी फळीवर सांडलं होतं. त्यांनी नुसती वाटी मला दाखवली आणि परत गेल्या. नाव बदलायची वेळ आली होती.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असं खोटं सांगणार नाही, रडून मस्त झोप लागली. सकाळी बाबांच्या कारखान्यात गेले आणि भंगाराच्या ढिगावर बसून राहिले. तिथे एक जुनी स्प्रिंग पडलेली होती. कुणीतरी तिच्या पोटात जाड आट्याचा बोल्ट पिळून घुसवला होता आणि तो तिथेच गंजून बसला होता. मी उगाच चाळा म्हणून ती दाबायला लागले. अर्धीच दबली. बोल्ट जिथे होता तिथली वेटोळी घट्ट धरलेली, हलेनात. मोकळी होती तेवढीच हलत होती.

मी ओरडले तशी बाबांच्या हातातला चहा सांडला.

गोष्ट साधी होती. स्प्रिंगची मोकळी वेटोळी जितकी जास्त तितकी ती मऊ, जितकी कमी तितकी कडक. स्प्रिंगच्या पोटात स्क्रूसारखा एक लोखंडी गट्टू बसवायचा. पान्याने आत फिरवला की तो एकेक वेटोळं धरत जाणार आणि स्प्रिंग कडक होणार. उलटा फिरवला की वेटोळी मोकळी आणि स्प्रिंग मऊ. बारा पोरांना बारा सदरे, आणि तेही अंगावर घालून बघत बघत शिवायचे. बाबांनी नवा चहा मागवला, गट्टूचं चित्र नीट बघितलं आणि लेथवर माणूस लावला. शाबासकी बिबासकी काही नाही. पण त्या दिवशी येणाजाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते चित्र दाखवलं.

आठ दिवसांनी मी परत इचलकरंजीत हजर. महिना संपायला चार दिवस होते.

आता प्रश्न एवढाच होता की गट्टू किती फिरवायचा. फार मऊ केलं तर माग डुलतो आणि कापड बिघडतं. फार कडक केलं तर हादरा सरळ जमिनीत. आणि मधे एक जागा अशी येते की हादरा कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट होतो. प्रत्येक मागाची ही जागा वेगळी. मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. पहिल्या मागापाशी मी तासभर घालवला. एक कोपरा जॅकने जरासा उचलायचा, गट्टू फिरवायचा, परत टेकवायचा, माग चालू करायचा, बोळातून धावत जाऊन वाटी बघायची, परत यायचं. पण बाकीचे अकरा माग बंद ठेवणं महादेवला परवडणारं नव्हतं आणि वाटीत त्यांचीही थरथर मिसळलेली, त्यात पहिल्याचं काय झालं ते कसं कळणार?

आप्पा मागच्या आपल्या खोलीतून बाहेर आले. खोलीचं दार कारखान्यातच, बारा नंबरच्या मागाला लागून उघडायचं. त्यांनी दारातच वहाणा काढल्या, पहिल्या मागाशेजारी येऊन उभे राहिले आणि डोळे मिटले.

"दोन वेढं सोड," ते म्हणाले.

मी सोडले. माग चालू केला.

"आता मागल्या पायाला अर्धा वेढा धर."

धरला. त्यांनी डोळे उघडले. थोडा वेळ ते त्या मागाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "झालं. ह्यो गेला."

'गेला' म्हणजे जमला, असं मी समजले.

मग दोन दिवस आम्ही दोघं एका मागावरून दुसऱ्यावर जात राहिलो. मला या दोन दिवसांची अजून आठवण येते. तेलाचा वास, पापण्यांवर बसणारी कापसाची पिंज, दुपारी महादेवच्या घरून येणारी भाकरी आणि झणझणीत खर्डा. त्या गोंगाटात बोलून काही ऐकू जात नसे. मागावरची माणसं एकमेकांचे ओठ बघून, हातवारे करून बोलतात. आप्पाही माझ्या तोंडाकडे एकटक बघून बोलायचे. दुसऱ्या दिवसापर्यंत मलाही ते जमायला लागलं. चारपाच वेळा मी त्यांना मागून हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. मला वाटलं, तंद्रीत असतात.

त्यांच्या कानांचं मला भारी नवल वाटायचं. जेवताना मी म्हटलंही, "आप्पा, तुमचे कान म्हणजे सोनं आहे. काल तुम्ही खोलीत आडवे होता आणि तिथूनच ओरडलात, सातव्याचा पट्टा ढिला झालाय म्हणून. मी शेजारी उभी होते, मला पत्ता नाही!"

ते हसले. "सातव्याला लहानपणापास्नं खोड हाय. थोडा लंगडतो."

"आणि बारावा?"

"बारावा माझा पहिला. कुंकू लावून आणलेला. जुना झाला म्हणून कोपऱ्यात गेला." भाकरीचा तुकडा त्यांनी मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "त्यो लंगडत न्हाई. चालतो कसा, देवळात आल्यागत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बाराव्याशी पोचलो. अकरा माग झाले होते आणि बाईंच्या वाटीत आता अगदी बारीक शिरशिरी राहिली होती. बारावा चालू होता. आप्पा त्याच्यापाशी अनवाणी उभे राहिले. या वेळी फार वेळ उभे राहिले. मी पाना घेऊन खाली बसले होते, माझे गुडघे दुखायला लागले.

"आप्पा, किती?"

ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यामुळे उत्तर आलं नाही. मी त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

"तीन," ते म्हणाले. "तीन सोड."

मी तीन वेढे सोडले, माग चालू केला आणि बोळातून धावत गेले. फळीवरच्या वाटीतल्या पाण्यात खिडकी दिसत होती, गजांसकट. एक गज वाकडा नाही. देवस्थळीबाईंनी तोंडाला पदर लावला. कॉटवरून त्यांचे यजमान म्हणाले, "थांबलं का गं?" आणि बाई नुसती मान हलवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटीस मागे घेतली.

त्या संध्याकाळी मी नाचतच कारखान्यात परत आले. महादेवने सगळ्यांना पेढे वाटले. आप्पा आपल्या खोलीत कॉटवर बसले होते. मी पेढा द्यायला गेले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाणी हाईस," म्हणाले. पेढा त्यांनी उशाशी ठेवून दिला. वय झालंय, दमले असतील, असं मला वाटलं.

महिन्याभराने गट्टू सैल तर झाले नाहीत ना हे बघायला मी पुन्हा गेले. महादेव दारातच भेटला. पहिल्यांदा कामाचं बोलला, सगळं झकास चाललंय म्हणाला, मग अडखळला.

"आप्पाचं काय कळंना बघ. जेवण तुटलंय. खोलीत थांबतच न्हाईत. पहाटे येऊन मागांच्या मधी बसत्यात ते अंधार पडेस्तोवर. मी म्हणतो आराम करा, तर म्हणत्यात खोलीत करमत न्हाई."

"आवाज कमी झाला म्हणून?"

महादेवने माझ्याकडे विचित्र बघितलं. "आवाज? आप्पाला आवाज कुठला? धा-बारा वर्सं झाली, ठार बहिरे हाईत ते. मागानंच कान खाल्लं. तुला म्हाईत न्हवतं?"

"मग सातव्याचा पट्टा?"

"ते व्हय! ते काय कानानं न्हाई. कॉटच्या पायातनं कळायचं त्यांना. कुठला माग चालू, कुठला बंद, कुठल्याचा धागा तुटला. झोपल्या झोपल्या सांगायचे." महादेव बोलता बोलता थांबला.

हादरा कॉटच्या पायांतून वर येतो. देवस्थळीबाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तोच हादरा आप्पांच्याही कॉटच्या पायांतून वर येत होता, आणि दोन दिवस मी त्यांनाच विचारून विचारून तो एकेक मागाचा बंद करत गेले होते. 'ह्यो गेला.' अकरा वेळा ते हेच म्हणाले होते आणि मी अकरा वेळा खूश झाले होते. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

आप्पा बाराव्या मागाशेजारी पोत्यावर बसले होते, एक तळहात मागाच्या लोखंडी चौकटीला लावून. मी समोर जाऊन बसले, ओठ दिसतील अशी.

"तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी काय ते विचारलं नाही. "पहिल्याला तू दोन वेढं सोडलंस तवाच. एक जण बोलायचा थांबला."

"मग पुढच्या अकरांचं कशाला सांगत बसलात? एका शब्दाने बोलला असतात तर..."

"तर काय? नोटिशीनं बाराच्या बारा बंद पडलं असतं. मग काय ऐकलो असतो मी, कपाळ?" ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. "माग चालत्यात न्हवं? डोळ्यानं दिसतंय. रातीचं तेवढं अवघड जातं. एकदम मेल्यागत वाटतं बघ. कुणीच न्हाई घरात."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग मी उठले आणि पिशवीतून पाना काढला. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"न्हाई. त्या माणसाची पाठ हाय. तू शब्द दिलायस."

"एकच माग, आप्पा. तुमच्या भिंतीकडचा."

"न्हाई म्हटलं न्हवं?"

मी मनगट सोडवून घेतलं आणि बोळातून देवस्थळीबाईंकडे गेले. त्यांचे यजमान आता लोडाला टेकून बसत होते, पेपर वाचत होते. फळीवर वाटी होती तशीच, भरलेली. बाई रोज सकाळी पाणी बदलायच्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सांगताना माझा आवाज नको तितका चढला असावा.

बाईंनी यजमानांकडे बघितलं. यजमानांनी पेपर खाली केला. पाठ त्यांची होती, आणि रात्री जागरणं बाईंची झाली होती. मला त्यांच्याकडून काही मागायचा हक्क नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

"एक करा," शेवटी बाई म्हणाल्या. "एकदम नको. थोडं थोडं फिरवा. मी इथे वाटीपाशी उभी राहते. या खिडकीतून तुमची खिडकी दिसते. पाणी हललं की मी हात वर करेन. तिथे थांबायचं."

"थांबतो," मी म्हणाले.

महादेवने आप्पांना जवळजवळ उचलूनच खोलीत नेलं आणि कॉटवर आडवं केलं. खोलीचं दार उघडं ठेवलं. मी बाराव्यापाशी बसले. एका बाजूला दारातून आप्पा दिसत होते, दुसऱ्या बाजूला खिडकीतून, बोळापलीकडे, बाई. अकरा माग आपल्या नादात चालले होते. बारावा थांबवला, कोपरा जॅकने उचलला, अर्धा वेढा आत घेतला, टेकवला, चालू केला.

आप्पा छताकडे बघत पडून होते. बाईंचा हात खालीच होता.

आणखी अर्धा. काही नाही. आणखी अर्धा. आप्पांनी माझ्याकडे मान वळवली आणि हाताने खूण केली, पुरे, सोड. मी पुढचा अर्धा घेतला. दोन वेढे झाले. आता मला भीती वाटायला लागली होती, कारण मूळच्या जागेपर्यंत एकच वेढा राहिला होता. मी खिडकीकडे बघितलं. बाई ताठ उभ्या होत्या, हात खाली.

अडीच. माग चालू केला आणि दाराकडे बघितलं.

आप्पांनी डोळे मिटले होते. त्यांचा हात कॉटच्या कडेवरून खाली आला आणि लोखंडी पायावर टेकला. मग दुसरा हात छातीवर गेला. बोटं हलायला लागली, एक, दोन, एक, दोन, मागाच्या ठेक्यात. ठेका एकदाही चुकला नाही. त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानांकडे ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. महादेव त्यांच्या पायाशी जाऊन बसला.

मी खिडकीकडे बघितलं. बाईंचा हात अजून खालीच होता.

हे काही खरं नव्हे, एवढं मला कळत होतं. अडीच वेढ्यांना थोडं तरी जाणवायलाच हवं. बाई खिडकीतून हात दाखवायला विसरल्या की काय, असं वाटून मी पाना टाकला आणि बोळातून धावले.

बाई फळीपाशी उभ्या होत्या. वाटीतल्या पाण्यात खिडकीचे गज थरथरत होते. बारीकच, पण थरथरत होते. यजमान पुन्हा पेपरात डोकं घालून बसले होते. पेपर उलटा होता.

"बाई, पाणी हलतंय," मी धापा टाकत म्हणाले. "तुम्ही हात वर नाही केलात."

बाईंनी वाटी उचलली. सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि रिकामी वाटी फळीवर पालथी घातली.

"बघा," त्या म्हणाल्या, "आता हलतंय का काही?"